अधिकाच्या वाणात आलेली गाडी

"जावईबापू, घाबरू नका. गाडी बंद पडलेली नाही. थांबली आहे," मामा म्हणाले.

बॉनेटमधून वाफ निघत होती. कऱ्हाडजवळ, खोडशीच्या बंधाऱ्याच्या थोडं अलीकडे, दोन्ही बाजूंना ऊस असलेल्या रस्त्यावर आम्ही उभे होतो. आधी खडखड झाली, मग खर्र झालं, मग एकदाच जोरात 'टक्' झालं, आणि त्यानंतर इतकी शांतता पसरली की उसातले तित्तिर ऐकू यायला लागले.

"थांबली म्हणजे? कुणी थांबवली?" मागच्या सीटवरून माझ्या बायकोनं, नलूनं विचारलं.

"स्वतःहून थांबली. समजूतदार आहे ती."

मामा म्हणजे माझे सासरे, दिगंबर मुतालिक. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांच्या बांधांची मापं घेतल्यामुळे जगातली कुठलीही वस्तू तिच्या जागेपासून थोडी सरकलेली आहे अशी त्यांची खात्री होती. माझं ड्रायव्हिंगही त्यातच आलं. "थोडं डावीकडे घ्या. अजून थोडं. आता जरा जास्त झालं." हे दर रविवारी, जाताना आणि येताना.

गाडी माझी होती, असं कागदावर लिहिलेलं होतं. ती मला अधिक महिन्यात वाण म्हणून मिळाली. धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलावून ताम्हणात अनारसे आणि दिवा देतात, हे सगळ्यांना माहीत आहे. सासूबाई त्याच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या, त्यामुळे अनारसे मामांनी स्वतः तळले. ते सगळेच्या सगळे तुपात हसले. मामांनी तो चुरा चमच्यानं गोळा केला, ताम्हणात त्याचा ढीग रचला आणि ढिगावर आपल्या गाडीची किल्ली ठेवली. किल्लीला कुंकू लावलेलं होतं.

"मला एकट्याला काय करायचीय गाडी?" ते म्हणाले. "तुम्ही वापरा. फक्त अधूनमधून दाखवायला आणत जा."

वाणाला नाही म्हणता येत नाही. मला गाडी चालवता येत नव्हती, हेही सांगता आलं नाही. साताऱ्याला परत आल्यावर मी ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं. शिकलो, पण त्यामुळे फारसा फरक पडला नाही.

'अधूनमधून' म्हणजे दर रविवारी, हे पुढच्याच आठवड्यात कळलं. मी साताऱ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल, नलू पोस्टात. दोघांनाही सुट्टी मिळायची ती रविवारचीच. पहाटे उठून आंघोळी उरकायच्या आणि गाडी दाखवायला कऱ्हाडला जायचं. मामा फाटकात उभेच असायचे. ते आधी टायर बघायचे, मग ऑइल, मग नलूला. जेवण झालं की तिघांनी गाडीतून खोडशीच्या बंधाऱ्यापर्यंत जायचं, पाणी बघायचं, परत यायचं. मामांचा सगळा आठवडा त्या फेरीवर चालायचा. शेजारी सांगायचे, शुक्रवारपासूनच काका फाटकाला तेल घालायला लागतात.

म्हणून वाफ निवली तेव्हा नलू माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "गाडीचं काहीही होऊ दे. पण ही गेली तर बाबांकडे राहिलं काय?"

मीही तेच म्हणत होतो. फक्त मनात.

उसाचा ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्यानं दोर बांधला. स्टेअरिंगवर कोण बसणार हा प्रश्नच नव्हता. मामा बसले. गाडी दोरानं ओढली जात होती, इंजिन मेलेलं होतं, आणि मामा गिअर बदलत होते. वळणावर हात बाहेर काढून खूण करत होते. नलू आणि मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून मागे बघत होतो.

"कसे छान दिसतात ना," नलू म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. धूळ खूप होती.

हैबती मिस्त्रीचं गॅरेज हायवेला लागूनच. हैबती एके काळचा पैलवान. कान मोडलेले, मान नाहीच. पान्याला तो स्वतः हात लावत नसे, त्यासाठी दोन कारागीर होते. तो खुर्ची टाकून बसायचा आणि निकाल द्यायचा. त्यानं बॉनेट उघडायला लावलं, आत डोकावला, डिपस्टिक नाकाशी धरली.

"मोठे साहेब, इंजिन चितपट झालंय."

"म्हणजे दुरुस्त होईल ना?" मामांनी विचारलं.

"चितपट म्हटल्यावर कुस्ती संपली. पाणी संपलं, गरम झालं, जाम झालं. ब्लॉकला तडा दिसतोय. आता दुसरं इंजिन बसवायचं, न्हाईतर गाडी हाय तशी काढून टाकायची."

"दुसरं म्हणजे नवं?"

"जुनंच, पण चांगल्या घरचं. पुण्याला जुन्या बाजारात बघावं लागंल. तरी सांगून ठेवतो, गाडीच्या किमतीपरीस इंजिन भारी पडंल. विचार करा. पुढल्या रविवारी या तिघं बी, मग ठरवू."

मामा बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. बस स्टँडवर आम्हाला सोडायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, "जावईबापू, तुमच्या मनात काय आहे?"

"तुमच्या मनात असेल तेच, मामा."

"माझं काय. गाडी तुमची."

"असं कसं. तुम्ही दिलेली."

"दिली म्हणजे तुमचीच झाली."

हे संभाषण यष्टी सुटेपर्यंत चाललं. त्यात आम्ही दोघांनी एकमेकांचा इतका मान राखला की कुणाचंही म्हणणं कुणाला कळलं नाही. आमच्या घरात हीच पद्धत होती. मनातली गोष्ट ज्याला सांगायची तो सोडून बाकी कुणालाही सांगता यायची.

सोमवारी मी कॉलेजातून हैबतीला फोन केला.

"मिस्त्री, मी मुतालिकांचा जावई. एक काम आहे. माझं नाव सांगायचं नाही."

"बोला साहेब. पैलवानाचा शब्द हाय."

"इंजिन बसवायचं. कितीही लागू दे, मी कॉलेजच्या पतपेढीतून उचल घेतो. पण मामांना सांगायचं की किरकोळ काम निघालं, थोडक्यात भागलं. नाहीतर ते मला खर्च करू देणार नाहीत. म्हाताऱ्याचा जीव आहे हो त्या गाडीत."

पलीकडे खुर्ची करकरली.

"साहेब, नक्की का?"

"नक्की."

"शपथ?"

"तुमची तुम्ही घ्या. मी कशाला घेऊ?"

"तेच म्हणतोय. घेतो," हैबती म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. त्याचा आवाज मला जरा ओढल्यासारखा वाटला, पण पैलवान लोकांचं असं असतं, असं मी धरून चाललो.

रविवारी आम्ही यष्टीनं कऱ्हाडला पोचलो. मामा थेट गॅरेजवरच येऊन थांबले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. गाडीचं इंजिन बाहेर काढून एका लाकडी पाटावर ठेवलेलं होतं आणि आम्ही चौघं त्याच्याभोवती उभे होतो. एखाद्याला शेवटचं बघायला जमावं तसे. हैबतीनं चहा मागवला. चहा आला, प्यायला गेला, कपबशा परत गेल्या, तरी तो विषय काढेना.

"बोला मिस्त्री," मी म्हणालो आणि त्याला डोळ्यांनी खूण केली.

"बोला की," मामा म्हणाले. त्यांचाही एक डोळा बारीक झाला होता. मला वाटलं कचरा गेला असेल.

हैबतीनं घसा साफ केला. "तर असं हाय... इंजिन मिळतंय. किरकोळ कामात भागतंय." त्यानं मामांकडे बघितलं आणि घाम पुसला. "म्हंजे मिळत न्हाई. पुण्यात न्हाई, मुंबईत न्हाई, कंपनीनंच बंद केलंय." मग त्यानं नलूकडे बघितलं. "म्हंजे... दोन-तीन महिन्यांनी काय ते कळंल. तवर विचारू नका."

"अहो, मिळतंय की नाही मिळत?" मी विचारलं.

"साहेब, तुम्ही जरा बाहेर जाता का?"

"का?"

"मग मोठे साहेब, तुम्ही जाता का? ताई, तुम्ही तरी जावा."

कुणीच हललं नाही. हैबती खुर्चीत बसला. मोठ्या अंगाचा माणूस रडकुंडीला आला की बघवत नाही.

"चाळीस कुस्त्या मारल्या हो मी," तो म्हणाला, "पण एकाच वेळी तिघांनी कुणी धरलं नव्हतं. मोठ्या साहेबांचा निरोप आला, जावयाला सांग इंजिन मिळत न्हाई, माझं नाव घ्यायचं न्हाई. धाकट्या साहेबांचा फोन आला, सासऱ्याला सांग इंजिन बसतंय, माझं नाव घ्यायचं न्हाई. ताईंचा पोस्टातनं फोन आला, दोघांना बी झुलवत ठेव, माझं नाव घ्यायचं न्हाई. आता मी कुणाचा शब्द पाळू? तिघांचा पाळला तर मला येडा म्हणत्याल. न्हाई पाळला तर मी पैलवान कसला?"

आम्ही तिघंही त्या इंजिनाकडे बघायला लागलो. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

नलूनं सुरुवात केली. "बाबा, तुम्ही मिळत नाही म्हणून सांगायला का सांगितलंत? तुमची गाडी ना ती?"

मामांनी खिशातलं पेन काढलं, बघितलं, परत ठेवलं. "मला वाटलं, इंजिन मिळत नाही म्हटलं की सुटतील बिचारे."

"कोण?"

"जावईबापू. आणि तू. दर रविवारी पहाटे उठून गाडी दाखवायला यावं लागतं तुम्हाला. आठवड्याची एक सुट्टी. वर आता हा खर्च त्यांच्या माथी."

"यावं लागतं?" मी म्हणालो. "मामा, तुम्हीच म्हणालात की दाखवायला आणत जा."

"म्हणालो. ते म्हणायचं असतं."

"आणि तुमचा तो गाडीवरचा जीव?"

मामा प्रथमच माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "जावईबापू, रागावू नका. तुमच्या शेजारी बसायचं म्हणजे मला शनिवारी रात्री झोप लागायची नाही. त्या बंधाऱ्यापर्यंत जाऊन जिवंत परत आलो की मी देवापुढे साखर ठेवायचो."

हैबती मिस्त्रीनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"मग कशाला जायचो आपण?" मी विचारलं.

"तुम्हाला हौस होती ना."

"मला? मामा, मला गाडी चालवण्याचा इतका तिटकारा आहे की शुक्रवारपासून माझं पोट बिघडतं. तुम्हाला आवडतं म्हणून चालवायचो."

आम्ही दोघंही नलूकडे बघायला लागलो. ती पाटावरच्या इंजिनापासून एक पाऊल मागे सरकली.

"माझ्याकडे काय बघता? मला गाडी लागते," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. त्या सीटचा वास नाकात गेला की उंब्रजच्या पुढे मला काही सुचत नाही. लिंबू हुंगत बसायचे मागे. तुम्ही दोघं पुढे एवढ्या आनंदात असायचा, म्हणून बोलले नाही. गाडी इथेच पडून राहिली की मला बसायलाही नको आणि तुमची आशाही तुटायला नको, म्हणून झुलवत ठेवा म्हटलं."

"आनंदात?" मामा आणि मी एकदमच म्हणालो.

हैबतीला आता आवरेना. त्यानं मांडीवर थाप मारली. "म्हंजे त्या गाडीत खूश कोण होतं?"

कुणीच नव्हतं. गाडीसुद्धा नसावी, कारण तीच सगळ्यांत आधी बोलली होती.

निर्णय पुढच्या पाच मिनिटांत झाला. मामांनी स्वतः सांगितलं, "इंजिन बसवायचं नाही. मिस्त्री, आहे तशी तुम्हीच ठेवा. सुटे भाग कुणाच्या तरी उपयोगी पडतील." हैबतीनं मान डोलवली. मामांनी गाडीतला गणपती सोडवून घेतला, नलूनं मागच्या खणातली वाळकी लिंबं काढली, मी कागदांवर सह्या केल्या. निघताना हैबती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "साहेब, एक विनंती हाय. इथनं पुढं काय बी असलं तर घरातल्या घरात बोला. मला फोन करू नका."

मामांच्या घरी जेवलो. पिठलं-भात होता. जेवताना इतके हसलो की मामांना दोनदा ठसका लागला. बंधाऱ्याचं नावही कुणी काढलं नाही. संध्याकाळच्या यष्टीला मामा सोडायला आले. खिडकीखाली उभे राहिले. यष्टी सुरू झाली तसे म्हणाले, "बरं झालं. आता तुम्हाला रविवार मोकळा."

"तुम्हालाही मामा, जरा आराम," मी म्हणालो.

यष्टी स्टँडबाहेर पडली. नलू खिडकीला डोकं टेकून मागे बघत होती. उंब्रज गेलं, काशीळ गेलं, तरी तशीच. तिला त्या यष्टीतही मळमळत असावं, असं मी समजलो.

तो आठवडा वाईट गेला. गाडी धुवायची नव्हती, हवा भरायची नव्हती, पोट बिघडत नव्हतं. शुक्रवारी मी कारण नसताना पुस्तकांचं एक अख्खं कपाट उतरवून परत लावलं. शनिवारी रात्री नलू म्हणाली, "उद्या उशिरापर्यंत झोपू या."

"हो, झोपू या."

पहाटे जाग आली तेव्हा ती आंघोळ करून, पातळ बदलून, दारात चपला घालत होती.

"कुठे?"

"काही नाही. भाजी आणावी म्हटलं."

"थांब, मीही येतो."

"कऱ्हाडला?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"हो," मी म्हणालो. मी उशाशी आधीच कपडे काढून ठेवले होते.

कऱ्हाडला पोचलो तर मामांच्या फाटकाला कुलूप. नलूच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. एवढ्या वर्षांत रविवारी सकाळी त्या फाटकाला कुलूप आम्ही बघितलं नव्हतं. तिनं फाटक हलवलं. "बाबा! बाबा!"

शेजारच्या पावसकरकाकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अगं नलू, तू इथे कशी? बाबा तुझ्याकडेच गेले ना!"

"माझ्याकडे?"

"पहिल्या यष्टीनं गेले. काल दिवसभर अळूवडीचा खटाटोप चालला होता. म्हणाले, गाडी नाही आता, मुलं कशाला येतायत, मीच जातो. मी म्हटलं, कळवलंत का? तर म्हणाले, कळवलं तर उगाच धावपळ करतील."

नलू फाटकाला टेकून उभी राहिली. मला हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती.

काकूंकडे फोन होता. मी आमच्या घरमालकीणबाईंना लावला. मी नाव सांगायच्या आत त्याच बोलायला लागल्या. "अहो, तुमचे सासरे आलेत. तासभर झाला, तुमच्या पायरीवर बसलेत. आत या म्हटलं तर येत नाहीत. डब्यातली वडी खा म्हटलं तर म्हणतात, मुलं आली की. तुम्ही आहात कुठे?"

"कऱ्हाडला. त्यांच्या फाटकाशी."

"देवा!" बाई म्हणाल्या आणि मामांना बोलावायला गेल्या.

मामांचा आवाज आला. फोनवर ते नेहमी ओरडूनच बोलायचे. "जावईबापू! तुम्ही तिथेच थांबा. मी निघतो."

"नको मामा, तुम्ही थांबा. आम्ही निघतो."

"छे, छे. तुम्हाला कशाला त्रास? मला काय काम आहे? मी येतो."

"मामा, आमचं तिकीट..."

"तुमचं राहू द्या, मी..."

नलूनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"बाबा, ऐका. कुणीही हलायचं नाही. बाईंकडे आमची किल्ली आहे, ती घ्या. कुलूप उघडा, आत जाऊन बसा, वड्या परतायला घ्या. आम्ही येतोय. आणि पुढच्या रविवारीही येतोय, कऱ्हाडला. त्याच्या पुढच्याही. गाडी असो नसो. गाडी दाखवायला नाही, बाबा. आम्ही तुम्हाला बघायला येत होतो."

मी अगदी जवळ उभा होतो, त्यामुळे पलीकडचं मला ऐकू येत होतं. काकूंनी विचारलं, "फोन कट झाला का गं?" नलूनं मान हलवली. मग मामांचा आवाज आला, या वेळी अजिबात न ओरडता.

"हो, ते झालंच," मामा म्हणाले. "पण यष्टीत खिडकीजवळ जागा मिळाली का तुला?"